वाचकांचे प्रश्न : काम कसे शोधतात, हे सातवीच्या मुलांना शिकवावे का?

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच विषयाची आहेत. सहावी ते आठवीच्या मुलांना नोकरी किंवा काम कसे शोधतात हे शिकवावे का, आणि शिकवायचे तर कसे, असे शिक्षक विचारतात, पालक विचारतात आणि एका विद्यार्थिनीनेही विचारले आहे. त्यांतील पाच पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांना शिकवते. यंदा दप्तराविना दिवसांपैकी चार दिवस ‘काम कसे शोधावे’ या विषयासाठी द्यावेत, असे मी सुचवले. त्यावर एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले की, बारा वर्षांच्या मुलांना नोकरीच्या मागे लावणे हा त्यांच्या बालपणावर अन्याय आहे. मला ते पटले नाही, पण उत्तरही देता आले नाही. आणि परवानगी मिळालीच, तर सुरुवात कोठून करू?
— एक शिक्षिका, जि. धाराशिव

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांची काळजी खरी आहे, म्हणून तिला आधी उत्तर द्यायला हवे. मुलाला काम शोधायला लावणे आणि काम कसे शोधतात हे मुलाला कळू देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट या वयात चूक आहे आणि कायद्यालाही मान्य नाही. दुसरी गोष्ट मात्र काही घरांत मुले न शिकवताच शिकत असतात. ज्या घरात कोणी पगारदार आहे, तेथे जाहिरात, फॉर्म, शेवटची तारीख, मुलाखत, रुजू होणे, बदली, भविष्य निर्वाह निधी हे शब्द जेवताना कानावर पडतात. आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबातल्या मुलाच्या कानावर उचल (म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे), कोयता आणि मुकादम एवढेच शब्द पडतात. काम मिळण्याची त्याला माहीत असलेली एकमेव वाट कर्जापासून सुरू होते. दुसऱ्याही वाटा आहेत हे त्याला शाळेने सांगितले नाही, तर कोण सांगणार? बालपणावरच्या अन्यायाचा विचार करताना हा अन्यायही मोजायला हवा, असे मला मनापासून वाटते.

दहावीपर्यंत थांबू, असेही कोणी म्हणेल. पण २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे संरक्षण ६ ते १४ या वयोगटाला आहे, म्हणजे ते साधारण आठवीपर्यंत पुरते, आणि त्यानंतर शाळेतून गळणारी मुले आपल्या हाताबाहेर गेलेली असतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही सहावी ते आठवी याच टप्प्यात दहा दिवस दप्तराविना घालवून मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक जाणकारांबरोबर काम अनुभवावे, असे सुचवले आहे. आपले चार दिवस त्या धोरणाला धरूनच आहेत.

आता सुरुवातीविषयी. पहिल्या दिवशी अर्ज, बायोडाटा, मुलाखत यांतले काहीही काढू नका. मुलांना एकच प्रश्न देऊन घरी पाठवा : “तुम्हाला हे काम कसे मिळाले?” हा प्रश्न त्यांनी ओळखीच्या किमान पाच मोठ्या माणसांना विचारावा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणावे. किराणा दुकानदार, अंगणवाडीताई, आशाताई, महावितरणचा वायरमन, गवंडी, पोस्टमन, बँकेतला शिपाई, शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी यांपैकी कोणीही चालेल. कामाची खबर कोणाकडून लागली, कोणाला भेटावे लागले, काय दाखवावे लागले, किती दिवस वाट पाहिली आणि किती ठिकाणी नकार मिळाला, हे उपप्रश्न फळ्यावर लिहून द्या. नकाराविषयीचा प्रश्न वगळू नका. आपल्या वडिलांना तीन ठिकाणी नाही म्हटले गेले होते आणि चौथ्या ठिकाणी काम मिळाले, हे मुलाला अकराव्या-बाराव्या वर्षी घरातूनच कळले, तर पुढे स्वतःला आलेला पहिला नकार त्याला मोडून टाकत नाही.

मी शिकवत होतो तेव्हा हा प्रश्न वर्गाला प्रथम दिला, त्या वेळी एका मुलीने लिहून आणले होते की, तिची आई काम शोधण्यासाठी ओळीने अकरा घरांची दारे वाजवत गेली होती आणि बाराव्या घरी तिला स्वयंपाकाचे काम मिळाले. आईने ही गोष्ट त्यापूर्वी कधी सांगितली नव्हती, कारण कोणी विचारलेच नव्हते. त्या दिवशी वर्गात काम शोधण्यावर जी चर्चा झाली, तशी चर्चा कोणत्याही मार्गदर्शन पुस्तिकेतून मला घडवता आली नसती.

जमलेली उत्तरे दुसऱ्या दिवशी वर्गात मांडा. ओळखीच्या माणसाने सांगितल्यामुळे काम मिळालेले किती, जाहिरात वाचून किती, परीक्षा देऊन किती, स्वतः जाऊन विचारल्यामुळे किती, घरचाच व्यवसाय म्हणून किती, याचा स्तंभालेख मुलांकडून काढून घ्या. म्हणजे गणिताचा तासही सार्थकी लागेल. ओळखीचा स्तंभ बहुधा उंच येईल आणि मुले म्हणतील, “म्हणजे वशिलाच लागतो.” तेथे थांबा आणि वेळ द्या. पात्र नसलेल्या माणसाला पात्र माणसाच्या जागी बसवणे, याला वशिला म्हणतात. एखाद्या ठिकाणी जागा रिकामी आहे ही बातमी एका माणसाने दुसऱ्याच्या कानावर घालणे, ही ओळख. वशिला नसावा, पण ओळखी वाढवता येतात. नीट नमस्कार करून, आपले नाव सांगून, “आपल्याकडे असे काम शिकायला मिळते का?” असे विचारता येणे ही ओळखीची पहिली पायरी आहे, आणि ती सातवीच्या मुलाला आजच चढता येते. चार दिवसांत मुलांना एवढे एक वाक्य न अडखळता बोलता आले, तरी आपले चार दिवस वाया गेले नाहीत असे समजा.

उरलेल्या दोन दिवसांत माणसांना शाळेत बोलवा किंवा मुलांना त्यांच्याकडे न्या. त्यांपैकी निदान एक माणूस काम देणारा असावा : गॅरेजचा मालक, बेकरीवाले, कृषी सेवा केंद्राचे चालक, कोणीही. आपण नेहमी काम करणाऱ्यांना बोलावतो आणि ते आपल्या कष्टांविषयी सांगतात, पण नव्या माणसाला कामावर घेताना तुम्ही नेमके काय पाहता, याचे उत्तर काम देणाराच देऊ शकतो. तो बहुधा वेळेवर येणे, हिशेबातला चोखपणा, चूक झाल्यास लपवून न ठेवणे अशा साध्या गोष्टी सांगेल. शिक्षक वर्षभर तेच सांगत असतात, पण गॅरेजच्या मालकाच्या तोंडून ऐकले की मुले ते निराळ्या कानांनी ऐकतात.

शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. मुलांनी हाताने काम करावे आणि ते काम गावाच्या खरोखर उपयोगी पडावे, हा तेथील शिक्षणाचा पाया आहे. आपल्याकडचे चार दिवस त्याची बरोबरी करणार नाहीत, पण ते तत्त्व घेण्यासारखे आहे. मुलांनी गोळा केलेली माहिती वहीतच राहू देऊ नका. तालुक्यात कोणते काम कोठे शिकायला मिळते, याचा एक तक्ता त्यांच्याकडून करून घेऊन तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. गावातल्या मोठ्या मुलांनाही तो लागेल.

एक सावधगिरी मात्र कटाक्षाने पाळा. “तुझे वडील काय करतात?” हा प्रश्न वर्गात उभे करून विचारू नका. आपल्या समाजात कामाला जात चिकटलेली आहे, आणि या एका प्रश्नाने चाळीस मुलांसमोर एखाद्याची मान खाली जाऊ शकते. ओळखीच्या कोणत्याही मोठ्या माणसाला विचारा, एवढेच सांगितले की ही अडचण राहत नाही. मुलाने घरचेच काम पुढे चालवावे, असा सूरही कोठे लागू नये. १९५३ मध्ये तेव्हाच्या मद्रास राज्यात अर्धा वेळ शाळा आणि उरलेला वेळ आईवडिलांचा व्यवसाय शिकणे, अशी प्राथमिक शिक्षणाची योजना राजगोपालाचारी यांच्या सरकारने आणली होती. ती मुलांना जातीच्या धंद्यात कोंडून ठेवणारी आहे, म्हणून तिला मोठा विरोध झाला आणि १९५४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. हेतू कितीही चांगला असला, तरी ही चूक किती सहज होते हे त्यावरून दिसते.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे, वय तेरा पूर्ण. मे महिन्याच्या सुट्टीत शेजारच्या यंत्रमाग कारखान्यात त्याला कांड्या भरायला पाठवा, पैसेही मिळतील आणि काम शोधायची सवयही लागेल, असे मालक म्हणतात. घरचेच संबंध आहेत. पाठवावे का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : पाठवू नये. २०१६ मध्ये दुरुस्ती झालेल्या बाल व किशोरवयीन कामगार कायद्याप्रमाणे १४ वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत स्वतःच्या कुटुंबाला किंवा कुटुंबाच्या उद्योगाला, तो धोकादायक नसल्यास, हातभार लावणे एवढीच सवलत सर्वसाधारण मुलाला आहे. कुटुंब म्हणजे कोण, हेही कायद्याने ठरवले आहे : आईवडील, भाऊबहिणी, आणि काका, आत्या, मामा, मावशी. शेजारी कितीही घरोब्याचे असले, तरी ते यात बसत नाहीत. मुलाला कामावर ठेवणाऱ्यास सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात, हे मालकांनाही सांगावे. चौदा पूर्ण झाल्यानंतर अठरापर्यंत धोकादायक नसलेले काम करता येते, पण तेव्हाही एकूण वेळ विश्रांती धरून सहा तासांपेक्षा जास्त नसावा आणि सायंकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत काम देता येत नाही.

सवय लावण्याचा आपला हेतू योग्य आहे, आणि तो दुसऱ्या मार्गाने साधता येईल. सुट्टीत त्याला आपल्याबरोबर बँकेत न्या आणि पैसे भरण्याची चिठ्ठी त्याला भरू द्या. जवळची शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आयटीआय, आतून दाखवा. तेथील काही ट्रेड आठवी उत्तीर्ण मुलांसाठीही असतात, बहुतेकांना दहावी लागते, आणि प्रवेशासाठी वय किमान १४ असावे लागते. कोणत्या ट्रेडला काय लागते हे त्याने स्वतः तेथे विचारून लिहून आणावे. आपण शेजारी उभे राहा, पण बोलणे त्याला करू द्या.

प्रश्न : नोकरीसाठी अर्ज लिहा, असे सांगितले की सगळी मुले गाईडमधला मजकूर उतरवतात : “मी प्रामाणिक, कष्टाळू व होतकरू असून…” चाळीस वह्यांत चाळीस वेळा तेच. यातून बाहेर कसे पडावे?
— मराठीचे शिक्षक, जि. रत्नागिरी

उत्तर : मुले उतरवतात, कारण तो अर्ज कोणी वाचून काही ठरवणार नाही हे त्यांना ठाऊक असते. म्हणून अर्जाला खरा वाचक आणि खरी जागा द्या. शाळेत कामे पुष्कळ असतात : ग्रंथालयातील पुस्तकांची देवघेव, परसबागेची देखरेख, क्रीडासाहित्याची नोंद, स्नेहसंमेलनाचे सूत्रसंचालन, रोज फळ्यावर तापमान व पावसाची नोंद. या कामांची रीतसर जाहिरात सूचना फलकावर लावा. तीत कामाचे स्वरूप, जागांची संख्या, रोजचा वेळ, कोण अर्ज करू शकते, अर्ज कोणाकडे द्यायचा आणि शेवटची तारीख, एवढे सारे असावे. शेवटच्या तारखेनंतर आलेला अर्ज प्रेमाने, पण खरोखर परत करा. त्या एका परतलेल्या अर्जाने तारखेचे महत्त्व जितके कळते, तितके दहा वेळा सांगूनही कळत नाही.

मग गुणवाचक शब्दांवर बंदी घाला. मुलाने स्वतःविषयी विशेषण लिहायचे नाही, घडलेली गोष्ट लिहायची. ग्रंथालयाच्या कामासाठी सातवीतली मुलगी असे लिहू शकेल :

“आमच्या घरी किराणा दुकान आहे. गेल्या दिवाळीपासून उधारीची वही मी लिहिते. कोणी किती दिले आणि किती बाकी, हे मी रोज रात्री आईला वाचून दाखवते. दोनदा माझी बेरीज चुकली होती, तेव्हापासून मी ती उलट करून पाहते. पुस्तके कोणाकडे गेली याची वही मी अशीच ठेवीन. बुधवारी मला लवकर घरी जावे लागते, एरवी मधल्या सुट्टीत मी रोज येऊ शकेन.”

यात प्रामाणिक हा शब्द नाही, पण प्रामाणिकपणा दिसतो. बुधवारची अडचण आधीच सांगितली आहे, आणि काम देणाऱ्याच्या दृष्टीने हे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. “माझ्याकडे लिहिण्यासारखे काहीच नाही,” असे म्हणणारी मुले हमखास भेटतील, विशेषतः मुली. त्यांना सकाळी उठल्यापासून शाळेत येईपर्यंत काय काय केले हे लिहायला सांगा. धाकट्या भावाला तयार करणे, बोंबील वाळत घालून त्यावर लक्ष ठेवणे, आजीच्या गोळ्या वेळेवर देणे, ही सारी कामे आहेत आणि ती अर्जात लिहिता येतात.

निवड दोन शिक्षकांनी मिळून करावी, आणि निवड न झालेल्या प्रत्येक मुलाला त्याचे कारण त्याच्याजवळ बसून सांगावे. मुले चाळीस आणि जागा दहा असतील, तर सत्रात चार वेळा जागा काढा, म्हणजे वर्षाअखेर कोणीही रिकाम्या हाताने राहणार नाही. वह्या तपासण्यापेक्षा यात वेळ जास्त जातो हे मी जाणतो. तरीही तो द्यावा, अशी माझी आपल्याला विनंती आहे.

प्रश्न : माझ्या मोठ्या मुलाने मोबाइलवर आलेल्या नोकरीच्या जाहिरातीला भुलून नोंदणी म्हणून अडीच हजार रुपये भरले. पैसेही गेले आणि नोकरीही नाही. धाकटी सातवीत आहे आणि तिच्याही हाती मोबाइल असतोच. तिला आतापासून काय शिकवू?
— एक आई, नाशिक

उत्तर : आधी मोठ्या मुलाविषयी. फसवणूक ताजी असेल, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवावे. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम पुढे जाण्यापूर्वी रोखली जाण्याची शक्यता अधिक असते. जुनी असली, तरी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. आणि त्याला घरात कोणी बोल लावू नये, ही कळकळीची विनंती आहे. गरजू माणूस फसतो याचा दोष त्याच्या गरजेला देऊ नये, आणि घरात बोलणी बसतात हे धाकटीने पाहिले, तर उद्या तीही आपली चूक लपवील.

धाकटीला जाहिरात वाचायला शिकवा. रविवारच्या वर्तमानपत्रातील छोट्या जाहिराती आणि मोबाइलवर आलेले संदेश शेजारी ठेवा आणि प्रत्येकाला चार प्रश्न विचारायला लावा. काम देणारा कोण आहे आणि तो कोठे बसतो? रोज नेमके काय करायचे आहे? त्यासाठी काय यायला हवे? आणि पैसे कोण कोणाला देणार आहे? “घरबसल्या काम, शिक्षणाची अट नाही, महिना तीस हजार, आजच नोंदणी करा,” अशा संदेशात पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे सापडत नाहीत आणि चौथ्याचे उत्तर उलटे येते. हे तिचे तिलाच दिसू द्या.

येथे एक बारकावा आहे, आणि मोठी माणसेही त्यात गोंधळतात. नोकरीसाठी कधीच पैसे भरायचे नसतात, असे सरसकट सांगू नका. सरकारी भरतीला परीक्षा शुल्क असते आणि ते खरे असते. पण ते जाहिरातीत छापलेले असते, भरती करणाऱ्या विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरच भरले जाते आणि त्याची पावती मिळते. कोणा व्यक्तीच्या मोबाइल क्रमांकावर किंवा खासगी खात्यात ते कधीच भरायचे नसते. खासगी कंपनीने मात्र नोंदणी, गणवेश, प्रशिक्षण, अनामत अशा कोणत्याही नावाने आधी पैसे मागितले, तर तेथेच थांबावे. आधार कार्डाची प्रत, बँकेचा तपशील आणि मोबाइलवर आलेला ओटीपी अनोळखी माणसाला द्यायचा नाही, आणि मूळ गुणपत्रिका कोणाकडेही ठेवायला द्यायची नाही. नोकरी लावतो म्हणून मूळ कागद ताब्यात घेणारे लोक आजही आहेत, हे तिला आतापासून ठाऊक असावे.

प्रश्न : मी सातवीत शिकते. मला दवाखान्यातल्या सिस्टरसारखी नर्स व्हायचे आहे. आमच्या पाड्यावर कोणी नर्स झालेले नाही. मी आता काय करू?
— एक विद्यार्थिनी, जि. नंदुरबार

उत्तर : तुझे पत्र नीट लिहिलेले होते आणि प्रश्न सरळ विचारला होतास, याचा मला आनंद झाला. नर्स होण्याच्या वाटा बारावीनंतर सुरू होतात. एएनएमचा (सहायक परिचारिका व प्रसूतिसेविका) अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा (सर्वसाधारण परिचर्या व प्रसूतिसेवा) तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा असतो. बी.एस्सी. करायचे असेल, तर अकरावी-बारावीला विज्ञान शाखा आणि जीवशास्त्र घ्यावे लागते, म्हणून आता विज्ञान आणि इंग्रजी या दोन विषयांकडे जास्त लक्ष दे. औषधाचे प्रमाण काढताना गुणोत्तर लागते, तेव्हा सातवीच्या गणितातला तो धडा पक्का कर. तू आश्रमशाळेत असशील, तर पुढच्या वसतिगृहाची आणि शिष्यवृत्तीची माहिती आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात मिळते. तुझ्या शिक्षकांना ती तुझ्यासाठी विचारून ठेवायला सांग.

आणि पुढच्या वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाशील, तेव्हा गर्दी कमी झाल्यावर सिस्टरना नमस्कार करून आपले नाव सांग आणि तीन गोष्टी विचार : त्या कोणत्या गावच्या, शिक्षण कोठे घेतले, आणि ही नोकरी त्यांना कशी मिळाली. वही-पेन बरोबर ने. त्यांनी जे सांगितले ते मला लिहून पाठवलेस, तर या सदरात छापू. तुझ्यासारख्या दुसऱ्या पाड्यांवरच्या मुलींना ते वाचायला मिळेल.